जितकं आलं तितकंच

मंडळी, इथे सगळे आपापल्या इंदूरच्या आठवणी लिहितात. कोणी सराफ्याबद्दल लिहितं, कोणी राजवाड्यासमोरच्या गणपतीबद्दल. माझी आठवण प्रयोगशाळेतली आहे आणि ती फारशी अभिमानाची नाही. तरी लिहिते.

आमचं घर रामबागेत. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि पुस्तकं इंग्रजीत. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सव्वीस वर्षं बेसिक इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. वर्गात बोलायचे हिंदीतच. माळवा-निमाडातली निम्मी मुलं हिंदी माध्यमातून आलेली, त्यांना ‘रेक्टिफायर’ शब्दाचीच धडकी भरायची. मग मी सांगायचे, आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं ना? पण घरचा नळ रोज चालतो, कारण हौद भरलेला असतो. कपॅसिटर म्हणजे तो हौद. डायोड पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, कपॅसिटर ते साठवतो आणि मधल्या कोरड्या वेळेत पुरवतो. हे मुलांना लगेच कळायचं.

तर साधारण २००६ सालची गोष्ट. पहिल्या वर्षाची बॅच, ब्रिज रेक्टिफायरचं प्रॅक्टिकल. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर आणि एक किलोओहमचा रेझिस्टर. मी नेहमीप्रमाणे आधी फळ्यावर गणित मांडलं. बारा गुणिले १.४१४ म्हणजे जवळपास १७. दोन डायोडमध्ये १.४ जातात. उरले १५.६. त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हटलं, करा सुरू.

तासाभराने फाइली तपासायला बसले. पाच टेबलांचं उत्तर १५.६. सहाव्या टेबलावर खरगोनकडचा एक मुलगा होता, त्याच्या फाइलीत १८.५. वडील गावात मोटरपंप दुरुस्त करायचे, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. बोलायचा कमी, इंग्रजीला बिचकायचा. मी विचारलं, ये कहां से आया? तो म्हणाला, “मॅडम, जितना आया उतना लिखा.” आणि हळूच पुढे म्हणाला, “रेजिस्टेंस भी गरम हो रहा है.”

त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. परीक्षेच्या कामाचा ढीग होता, घाई होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, पाच टेबलं चूक आणि तू एकटा बरोबर? मीटर धरता येत नसेल तर शेजारच्याला विचारावं. मुलं हसली. मी लाल पेनने १८.५ वर काट मारली. तो काही बोलला नाही. फाइल घेतली आणि गेला.

मुलं गेल्यावर लॅबमधले काका सामान आवरत होते. तेही मराठी, माझ्याहून वयाने मोठे. म्हणाले, “बाई, एक सांगू? चार मीटरांच्या बॅटऱ्या मागच्या आठवड्यापासून संपून राहिल्यात. मी लिहून दिलंय, अजून आल्या नाहीत.”

मला क्षणभर कळेचना. बॅटरी नाही तर मीटर चालू होत नाही. मग चार टेबलांवर १५.६ आलं कुठून? फळ्यावरून!

पाचव्या टेबलाचा मीटर चांगला होता. त्यांची फाइल परत उघडून उजेडात धरली. १५.६ च्या खाली खोडरबराच्या खुणा होत्या. नीट पाहिलं तर १८.३. म्हणजे त्यांनी मोजलं, बरोबर मोजलं, आणि माझ्या आकड्याशी जुळेना म्हणून खोडलं.

मग मी स्वतः मीटर घेतला. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलं होतं १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. याचा अर्थ, पूर्ण ५०० ओढले तर १२ व्होल्ट मिळतील. आमचा रेझिस्टर ओढत होता जेमतेम १८. एवढ्या हलक्या ओझ्यावर असा छोटा ट्रान्सफॉर्मर जास्तच व्होल्ट देतो. शिवाय भिंतीच्या पॉइंटवर २३० च्या जागी २४० होते. ट्रान्सफॉर्मरमधून निघत होते १४. चौदा गुणिले १.४१४ म्हणजे १९.८, वजा दोन डायोडचे १.३. उरले साडेअठरा!

रेझिस्टरला बोट लावलं तर चटका बसला. पाव वॉटचा तो रेझिस्टर, आणि १८.५ व्होल्टवर त्यात ०.३४ वॉट जळत होते. हेही त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

घरी आले तर सासूबाई भाजी निवडत होत्या. चेहरा बघूनच म्हणाल्या, “कोणावर चिडून आलीस?” सगळं सांगितलं. व्होल्टशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. म्हणाल्या, “म्हणजे पोरगं खरं बोलून राहिलं होतं आणि तू त्याला खोटं पाडलंस. चारचौघांत बोललीस ना? मग माफी पण चारचौघांतच माग.” आणि परत भाजी निवडायला लागल्या.

पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला तो आलाच नाही. गावी गेलाय, असं त्याच्या खोलीतला मुलगा म्हणाला. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. गावाकडून आलेली मुलं एकदा गेली की कधीकधी परत येत नाहीत, हे मी पाहिलेलं होतं.

तो आला त्याच्या पुढच्या आठवड्यात. बहिणीचा साखरपुडा होता म्हणे! मी बॅचसमोर उभी राहिले आणि म्हटलं, त्या दिवशी पूर्ण लॅबमध्ये खरं रीडिंग एकाच फाइलीत होतं आणि ते मी कापलं. चूक माझी होती. सॉरी. त्याची फाइल मागून घेतली आणि काट मारलेल्या आकड्यापुढे ‘बरोबर’ लिहून सही केली.

तो अवघडला. “कोई बात नहीं मॅडम,” म्हणाला. आणि लगेच, “पर मॅडम, कपॅसिटर सोलह वोल्ट का है. पच्चीस वाला लगना चाहिए ना?”

त्याला माफीपेक्षा कपॅसिटरची काळजी! आणि बरोबरच होतं. १५.६ धरून स्टोअरमधून १६ व्होल्टचे कपॅसिटर यायचे, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्यावर साडेअठरा लावत होतो. अधूनमधून एखादा फुगायचा, तेव्हा आम्ही म्हणायचो, माल हलका आहे. त्याच संध्याकाळी जेल रोडला जाऊन मी पंचवीस व्होल्टचे कपॅसिटर, अर्ध्या वॉटचे रेझिस्टर आणि मीटरच्या बॅटऱ्या घेऊन आले. बिल कोणाकडे मागितलं नाही.

त्यानंतर प्रॅक्टिकलच्या आधी फळ्यावर उत्तर लिहिणं मी बंद केलं. आधी मोजायचं, मग गणित, आणि तिसऱ्या रकान्यात फरक का आला ते लिहायचं. सगळ्यात जास्त मार्क तिसऱ्या रकान्याला. एखाद्या फाइलीत फरक शून्य आला, तर मी स्वतः त्या टेबलावर जाऊन उभी राहायचे.

मागच्या वर्षी रिटायर झाले. पण दर वर्षी, न चुकता, कोणीतरी घाबरत घाबरत जवळ यायचं: “मॅडम, आन्सर तो अलग आ रहा है. क्या लिखूं?”

मी म्हणायचे, “जितना आया उतना लिख.”