विंचवाची छाप

मराठी शिकवणाऱ्या दोन माणसांनी मोटारींवर लिहावे, हे आमच्या नेहमीच्या वाचकांस काहीसे विपरीत वाटेल. पण हा लेख खरे पाहता मोटारींविषयी नाही, आम्हां दोघांत तीन वर्षे टिकलेल्या एका अबोल्याविषयी आहे. आमच्यापैकी एकाजवळ फोक्सवॅगनची पोलो आहे आणि दुसऱ्याजवळ फियाटची पुंटो. कोणाजवळ कोणती, हे येथे सांगत नाही. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, आणि त्यातील शहाणपण व मूर्खपणा यांची वाटणी करण्याची आमची इच्छा नाही. महाविद्यालयातील मुले आम्हांला पोलोवाले सर आणि पुंटोवाले सर म्हणतात, तीच नावे येथे पुरेत.

आमच्यापैकी एकाचे आजोळ शिरूर तालुक्यातील पाबळ. अवर्षणप्रवण भागातले हे गाव मस्तानीच्या कबरीमुळे आणि विज्ञान आश्रमामुळे बाहेरच्यांना ठाऊक असते. आम्हांला ते आणखी एका कारणाने जवळचे वाटते. पाबळच्या एका अंगाला चाकण आहे, दुसऱ्या अंगाला महागणपतीचे रांजणगाव. पोलो चाकणच्या कारखान्यात तयार होत असे आणि पुंटो रांजणगावच्या. जर्मन आणि इटालियन म्हणून ज्यांच्या नावाने आम्ही भांडलो, त्या दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यातल्याच. आजोळच्या घरातील एक मामेभाऊ चाकणला कामाला जाई, दुसरा रांजणगावला. संध्याकाळी दोघे एकाच ताटव्यात हात धूत आणि कंपनीचा विषय निघालाच तर तो ओव्हरटाइमचा निघे. भांडायला त्यांना वेळ नव्हता. तो आम्हांला होता.

ज्या वर्गातल्या गाड्यांवरून हे भांडण होते त्यांना इंग्रजीत हॉट हॅचबॅक म्हणतात. मागे उघडणारे दार असलेली छोटी, घरगुती गाडी, पण पोटात मोठ्या गाडीची ताकद. 1976 साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे तो फारसा फोफावला नाही, याचे एक कारण करांत आहे. 2006च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, डिझेल 1500च्या आत. या चौकटीत बसली तर कर कमी. त्यामुळे 2013 साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयने 1200च्या आतल्या इंजिनाला टर्बो जोडून 105 अश्वशक्ती काढली आणि ती चौकटीतच राहिली. 2015 साली फियाटने आणलेल्या अबार्थ पुंटोचे इंजिन मात्र 1.4 लिटरचे, ताकद 145 अश्वशक्ती. ती लांबीने चौकटीत बसत होती, इंजिनाने बसत नव्हती. एकीने नियम पाळून वेग मिळवला, दुसरीने नियमाबाहेर राहण्याची किंमत मोजली. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास या दोन वृत्ती अपरिचित नसाव्यात.

पोलोवाल्या सरांनी जीटी टीएसआय नवी घेतली, कर्जावर. पुंटोवाल्या सरांचे मन अबार्थवर होते. पण घेता आली ती जुन्या बाजारातली साधी डिझेल पुंटो. अबार्थचे चिन्ह विंचू. कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून 1949 साली काढलेल्या आपल्या कंपनीला त्यांनी विंचवाची मुद्रा दिली. पुंटोवाल्या सरांनी तसा एक विंचू पुण्यात स्टिकरच्या दुकानातून आणला आणि आपल्या गाडीच्या मागच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवला. किंचित तिरका बसला. अजून तिरकाच आहे.

यानंतर प्राध्यापक-कक्षातील मधल्या सुटीत जो वाद चाले, त्याचे वर्णन करताना आम्हांला आज थोडी लाज वाटते. पोलोवाल्यांचा मुद्दा दार बंद होतानाच्या आवाजाचा: तो घट्ट, एकसंध आवाज म्हणजे संस्कृती. पुंटोवाल्यांचा मुद्दा स्टिअरिंगचा: रस्ता हाताला कळला पाहिजे, नाहीतर चालवणे आणि बसून राहणे यांत फरक काय? एकजण जर्मन शिस्तीची तळी उचली, तर दुसरा कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनीपासून सचिन तेंडुलकरने जाहिरात केलेल्या पालिओपर्यंत फियाटची वंशावळ म्हणून दाखवी. इतिहासाचे प्राध्यापक डबा खाता खाता ऐकत. एकदा त्यांनी विचारले, "तुमच्या दोघांच्या गाड्या महाविद्यालयापर्यंत येतात ना?" आम्ही दोघांनी त्यांच्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहिले.

या वादातील विनोद आम्हांला फार उशिरा उमगला. पुंटोत जे 1.3 लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन होते, ते फियाटचे. तेच इंजिन परवान्याखाली मारुतीकडे तयार होऊन स्विफ्ट आणि डिझायरमध्ये बसे, आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टात वेगळ्या नावाने बसे. रस्त्यावर एकमेकांना हिणवणाऱ्या स्विफ्टवाल्यांचे आणि पुंटोवाल्यांचे काळीज एकच होते. फ्रॉइडने लहान फरकांच्या अहंकाराविषयी लिहिले आहे: जे एकमेकांशी जवळजवळ सारखे असतात, तेच आपसांतले बारीक भेद सर्वाधिक त्वेषाने जपतात. आमच्या क्षेत्रात याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही.

मग माणूस यंत्राच्या नावासाठी इतका का चिडतो? 1957 साली लिऑन फेस्टिंजर यांनी मनातील विसंगतीचा सिद्धान्त मांडला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एर्लिक आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की नवी मोटार घेतलेली माणसे खरेदीनंतर आपण घेतलेल्याच गाडीच्या जाहिराती अधिक वाचतात. निवड होऊन गेल्यावरही माणूस आपली निवड बरोबर होती, हे स्वतःला पटवत राहतो. आपल्याकडे तर मोटार म्हणजे पाच-सात वर्षांचे हप्ते. गाडीला नावे ठेवणे म्हणजे त्या वर्षांना नावे ठेवणे. ब्रँड या शब्दाचे मूळही जळण्यात, डागण्यात आहे. गुरांवर तापल्या लोखंडाची खूण उठवीत, ती मालकी दाखवण्यासाठी. आपल्याकडेही देवाला सोडलेल्या वळूला डाग देत. फरक इतकाच, की वळू डाग मागून घेत नसे. आम्ही पैसे देऊन घेतला.

असो. 2019च्या आरंभी पुंटोचे उत्पादन थांबले आणि फियाटच्या नावाने भारतात गाड्या विकणे बंद झाले. ती बातमी आली त्या दिवशी पोलोवाले सर प्राध्यापक-कक्षात सर्वांसमक्ष म्हणाले, "सर, विंचू चिकटवला म्हणून विष येत नाही. कंपनीनेच टाकलेली गाडी तुम्ही कवटाळून बसलात." वाक्य जमले होते. लोक हसले. पुंटोवाले सर हसले नाहीत. ते म्हणाले, "टाकलेपण म्हणजे काय, ते पर्मनंट माणसाला कळायचे नाही."

कक्षात एकदम शांतता पसरली. येथे वाचकांस सांगितले पाहिजे, की आमच्यापैकी एकजण अनुदानित पदावर कायम आहे आणि दुसरा तासिका तत्त्वावर शिकवतो. दोघांची एम.ए.ची श्रेणी एक, वय जवळजवळ एक, अभ्यासक्रम एक, फळा एक. एकाला महिन्याचा पगार मिळतो. दुसऱ्याला घेतलेल्या तासांचे मानधन मिळते, सुटीत तेही नाही, आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यावी लागते. चेसिस तीच, इंजिन तेच, बिल्ला वेगळा. आम्ही चार वर्षे गाड्यांवरून भांडत होतो, कारण जे भांडण करायला हवे होते ते करण्याची हिंमत आम्हां दोघांतही नव्हती. कायम असलेल्याला आपल्या सुरक्षिततेची लाज वाटत होती, म्हणून तो यंत्राच्या गुणवत्तेवर बोले. कायम नसलेल्याला दया नको होती, म्हणून तो स्टिअरिंगवर बोले.

त्या दिवसापासून आमचे बोलणे थांबले. पुढे टाळेबंदी आली आणि अबोला सोयीचा झाला. दोघे घरून शिकवत होतो, समोरासमोर येण्याचा प्रश्न नव्हता. टाळेबंदीत तास कमी झाले तेव्हा पुंटोवाल्या सरांचे कसे चालले असेल, हा विचार पोलोवाल्यांच्या मनात रोज येई. फोन मात्र त्यांनी केला नाही. हे वाक्य लिहिताना आम्ही दोघे थोडा वेळ थांबलो होतो.

2022च्या एप्रिलमध्ये बातमी आली, की पोलोही बंद होत आहे. बारा वर्षांचा चाकणचा प्रवास संपला. त्या दिवशी उट्टे काढण्याची संधी आयती चालून आली होती आणि कक्षातील मंडळी कान टवकारून बसली होती. पुंटोवाले सर आत आले, पोलोवाल्यांच्या समोर बसले, चहाचे दोन कप मागवले आणि म्हणाले, "यात्रा सुरू झाल्यात. येता का पाबळला?"

आम्ही गेलो, पुंटोतून. आधी विज्ञान आश्रमात डोकावलो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली हा आश्रम सुरू केला, तो हाताने काम करीत शिकण्यासाठी. जुन्या जीपचे भाग वापरून कमी खर्चाचा 'मेकबुल' ट्रॅक्टर येथेच घडला. जीपचा बिल्ला त्यात कोठे गेला, हे कोणी विचारले नसावे. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुले येथे यंत्र उघडून शिकतात. आम्ही आमच्या वर्गात काय करतो? ग्रामीण, दलित, देशीवादी, नवकवी असे बिल्ले कवींना लावून देतो, आणि मुले परीक्षेत बिल्ले लिहून गुण मिळवतात. कविता उघडून दाखवण्याचे काम राहून जाते. मस्तानीच्या कबरीपाशीही हेच मनात आले. 1740 साली ती गेली. कोणी त्या जागेला समाधी म्हणतो, कोणी मजार. आपण कोणाच्या, हे तिला तिच्या हयातीतही सुखाने ठरवू दिले गेले नाही.

दुपारी शेजारच्या एका गावी बैलगाड्यांचा घाट पाहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालानंतर महाराष्ट्रातही शर्यती थांबल्या होत्या. 2021च्या डिसेंबरमध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि त्या पुन्हा सुरू झाल्या. प्राण्यांच्या हालांविषयीचा आक्षेप आम्हांला पोकळ वाटत नाही, हेही नमूद करतो. पण त्या दिवशी आम्ही पाहिले ते वेगळे. पुढे घोडी, मागे जुकाटाची जोडी, त्यामागे धुरेची जोडी, आणि गाडा काही सेकंदांत घाट चढून जातो. एका गाड्याचे नाव पुकारले, तर त्यात दोन वेगळ्या गावच्या मालकांची नावे निघाली. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाबांना आम्ही विचारले, "बाबा, मग हा गाडा नक्की कुणाचा?"

ते म्हणाले, "मास्तर, बैल कुणाचा ते दावणीला. घाटात उतरला की गाडा बघायचा."

परतताना अंधार पडला होता. गाडी कोणी चालवली, हे सांगितले तर आरंभीचा नियम मोडेल. एवढे सांगतो, की जो चालवत होता त्याची ती गाडी नव्हती, आणि शिक्रापूर येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "रस्ता हाताला कळतो खरा." दुसऱ्याने दार उघडून पुन्हा बंद केले, आवाज ऐकला, आणि म्हणाला, "हे मात्र पत्र्याच्या डब्यासारखे वाजते."

त्यानंतर काही बदलले का, असे वाचक विचारतील. पाहण्यासारखे थोडे बदलले. रांजणगावच्या कारखान्यात आता जीप आणि टाटांच्या गाड्या होतात. 2025 साली खुद्द गोल्फ जीटीआय आयात होऊन भारतात आली, ती आमच्या दोघांच्याही आवाक्याबाहेरची. आमच्यापैकी एकजण अद्याप तासिका तत्त्वावरच आहे. दुसरा आता दर जूनमध्ये त्याच्या मुलाखतीच्या दिवशी रजा टाकतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. त्याने काही साध्य होत नाही, हे दोघांना ठाऊक आहे. मुलाखत आटोपली, की आम्ही वाहनतळाकडे चालत जातो आणि वाटेत जुना वाद पुन्हा सुरू करतो.