हजेरी आणि वंदना

वसतिगृहाच्या त्या लांबट खोलीत आम्ही तीस-पस्तीस मुले राहत होतो. पहाटेची घंटा झाली की हातपाय धुऊन तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे रांगेने बसावयाचे आणि त्रिशरण-पंचशील एका सुरात म्हणावयाचे, हा आमचा नित्यक्रम. आमच्यात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. आमच्या तुकडीतील सर्वांना ते ठाऊक आहे. वंदनेत त्याचा आवाज सर्वांत खणखणीत असे, एकही शब्द अडत नसे. मात्र वर्गात हजेरी सुरू झाली की त्याच मुलाला ‘हजर’ एवढा शब्द उच्चारता येत नसे. ‘ह’वरच श्वास कोंडे, मान ताठ होई, आणि आम्ही हसत असू.

वंदनेला जीभ चालते आणि हजेरीला अडते, त्या अर्थी हे सोंग आहे, असा निवाडा आम्हीच दिला. कोणी त्याची नक्कल केली, कोणी त्याचे अर्धे वाक्य पुरे केले. तो ‘हजर’ म्हणण्याऐवजी नुसता हात वर करू लागला. प्रकटवाचनाच्या तासाला त्याचे पोट दुखू लागले. आठवीनंतरच्या सुट्टीतून तो परतलाच नाही. घरी अडचण आहे, असा निरोप आला. खरे कारण आम्ही जाणून होतो.

पुढे आमच्यापैकी एकजण वाचा-उपचाराचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईस गेला. त्याच्या पत्रातून आम्हाला कळले ते असे : अडखळत बोलणारी व्यक्ती इतरांबरोबर एका सुरात बोलू लागली की तिचे अडखळणे बहुधा थांबते. हे सोंग नव्हे, या विकाराचे लक्षणच आहे. लहानपणी शंभरातील सुमारे पाच मुले काही काळ अडखळतात. बहुतेकांचे ते आपोआप जाते, पण मोठेपणी शंभरात एकाचे राहते. त्याचे मूळ भित्रेपणात किंवा संस्कारांत नसून मेंदूतील वाणीच्या नियंत्रणात आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत असते. पत्र वाचून आम्ही बराच वेळ एकमेकांकडे पाहिले नाही. सम्यक् वाचा आम्ही पाठ केली होती. कठोर वचन टाळावे, हेही पाठ होते. शब्द न उच्चारता केवळ हसण्यानेही कठोर वचन घडते, हे मात्र तेव्हा कळले.

ही स्मरणिका विद्यार्थी आणि पालक यांच्याही हाती जाणार आहे, म्हणून या शिक्षणाची माहिती देणे आम्हास अगत्याचे वाटते. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात हा अभ्यासक्रम १९६६ पासून चालतो. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. पुण्यात भारती विद्यापीठात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्थेतही सोय आहे. बारावी विज्ञान शाखेनंतरची ‘बीएएसएलपी’ ही पदवी चार वर्षांची असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता असते. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करून व्यवसाय करता येतो. प्रवेशाचे नियम बदलत असतात. ते त्या त्या वर्षी संस्थेकडूनच समजून घ्यावेत.

कामाचे क्षेत्र अडखळण्यापुरते नाही. पक्षाघाताने वाचा गेलेले वृद्ध, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेले रुग्ण, घास गिळता न येणारे, स्वमग्न मुले, कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावर ऐकावयास आणि बोलावयास नव्याने शिकणारी बालके, या सर्वांना हा तज्ज्ञ लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडी-शाळांतील तपासणीत आढळलेली मुले जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवली जातात. तेथेही हे पद असते.

आपल्या भागातील मुलांनीच या क्षेत्रात का जावे, याला आणखी एक कारण आहे. नांदगाव हे खानदेशाच्या उंबरठ्यावरचे गाव. आपल्याकडे कित्येक घरांत अहिराणी बोलतात. तेथे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ही बोली न जाणणारा तपासनीस त्याला उच्चारदोष ठरवील. घरची बोली कोठे संपते आणि खरा दोष कोठे सुरू होतो, हे ओळखावयास त्या बोलीत वाढलेला कान हवा.

बाबासाहेबांनी १९२० साली पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना कोणी बोलू दिले नाही, त्यांच्यासाठी ते होते. आपल्याच खोलीतल्या एकाला बोलू न देणारे आम्ही त्याच बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे रोज बसत होतो, ही खंत आमच्या तुकडीच्या वतीने येथे नोंदवीत आहोत.

पालकांना विनंती अशी की, मूल अडखळू लागले तर दटावू नये, त्याचा शब्द आपण पुरा करू नये; थांबावे, ऐकावे, आणि वेळीच तज्ज्ञाकडे न्यावे. विद्यार्थ्यांना विनंती अशी की, हजेरीच्या वेळी कोणाचा ‘ह’ अडला तर वाट पाहावी. आणि मित्रा, ही स्मरणिका तुझ्या हाती पडली तर पुढच्या मेळाव्यास अवश्य ये. तुझे नाव तुझ्या तोंडून ऐकावयास आम्ही थांबू, कितीही वेळ लागो.

जय भीम.