'दोझो' म्हणजे आता तुम्ही बोला

जपानात चहाचा पेला पुढे करताना 'दोझो' म्हणतात, हे इथे येणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. वायरलेसवरही हाच शब्द चालतो. अर्थ एवढाच की माझं झालं, आता तुम्ही बोला!

आम्ही तो ऐकला १ सप्टेंबरच्या सरावात. १९२३ च्या कान्तो भूकंपाच्या स्मरणार्थ त्या दिवशी जपानभर असे सराव होतात. शाळेच्या मैदानावर खोटे जखमी, त्यांच्या मनगटाला लाल, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या. 'हॉस्पिटल' वरच्या मजल्यावरच्या वर्गात, आणि मध्ये दुवा फक्त वॉकीटॉकीचा. बटण दाबलं की बोलता येतं, पण तेवढा वेळ ऐकू येत नाही. म्हणून आधी नाव, मग थोडक्यात निरोप, मग 'दोझो'. समोरच्याने "लाल दोन, पिवळे पाच" असं परत म्हणून दाखवायचं आणि मग 'र्‍योकाई', म्हणजे समजलं.

एवढा खटाटोप कशाला? १७ जानेवारी १९९५ ला कोबेच्या भूकंपात फोन कोलमडले. काही इस्पितळांत पाय ठेवायला जागा नव्हती, शेजारच्या ओसाकात खाटा होत्या. पण ताळमेळ घालणार कसा? एकूण ६,४३४ माणसं गेली. नेहमीसारखे उपचार मिळते तर त्यातली सुमारे पाचशे वाचली असती, असा अंदाज पुढे मांडला गेला. त्यातूनच २००५ साली 'डीमॅट' ही डॉक्टर-नर्सची पथकं उभी राहिली.

किल्लारी आठवणाऱ्या आपल्या मंडळींनी मुलाबाळांसह हा सराव एकदा जरूर करावा. त्यातलं सगळ्यात अवघड काम सांगू? बटण सोडून गप्प बसणं!