सहीनंतरचे वाचन

साक्षरता वर्गात आलेल्या बाईला थोड्याच आठवड्यांत सही करता येऊ लागते. अंगठ्याची शाई सुटली याचा तिला आनंद होतो, शिकवणाऱ्यालाही होतो, आणि तो अगदी खरा असतो. पण आपले बहुतेक वर्ग तिथून पुढे ढिले पडतात, आणि माझ्या मते प्रौढांच्या शिकण्यातला सगळ्यात अवघड टप्पा नेमका तिथून सुरू होतो. सही हाताला बसते. वाचन डोळ्याला आणि डोक्याला बसावे लागते. 'भाताची आवणी झाली' एवढे वाक्य नवसाक्षर बाईसमोर ठेवून पाहा. पहिल्याच अक्षरावर 'भ' की 'म' म्हणून बोट थांबते. पुढचा काना लागतो, 'ची'ची वेलांटी शोधावी लागते, 'णी'पाशी पुन्हा अडखळणे. 'झाली'पर्यंत पोचेतो 'भाताची' मनातून निसटलेले असते. मग शिकवणारा विचारतो, "काय वाचलं?" ती गप्प राहते, आणि आपण समजतो की हिला कळले नाही. वास्तविक आवणी म्हणजे काय हे तिला शिकवणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. समज कमी पडत नाही, वेग कमी पडतो.

जागतिक बँकेत शिक्षणाचे काम केलेल्या हेलन अबाद्झी यांनी ही गोष्ट पुष्कळ वर्षे लावून धरली आहे. माणसाची कामापुरती स्मृती फार थोडे आणि फार थोडा वेळ धरून ठेवते. साधे वाक्य साधारण बारा सेकंदांच्या आत संपले नाही, तर त्याचा अर्थ लागत नाही, असे त्या मांडतात. हे मान्य केले की "वय झालं, आता डोक्यात शिरत नाही" हे वर्गात रोज ऐकू येणारे वाक्य वेगळे वाटू लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायकाच होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. तिशीतल्या या शिकणाऱ्यांच्या मेंदूत खोलवर बदल झालेले दिसले. अर्थात तिशी म्हणजे साठी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. साठीत सराव जास्त लागतो, कान आणि डोळे कमी साथ देतात. पण यातले निम्मे दुखणे चष्म्याने जाते. चाळिशी उलटलेल्या कोणाही शिकणारीच्या हातात पाटी देण्याआधी तिचे डोळे तपासून घ्यावेत. जवळचे धूसर दिसणाऱ्या बाईला 'घ' आणि 'ध' यांतला फरक समजावत बसणे हा तिच्यावर अन्याय आहे.

वेग सरावाने येतो, पण कशाच्या सरावाने? इथे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे पाहावे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या साठी ते नव्वदीतल्या आज्यांची छायाचित्रे जगभर गेली. त्या आज्यांना वाचायचे काय होते, याची चर्चा मात्र कमी झाली. त्यांना पोथी वाचायची होती. आयुष्यभर कानांवर पडलेला मजकूर आता डोळ्यांनी गाठायचा होता. शिकवण्याच्या दृष्टीने याहून चांगली सुरुवात नाही. मजकूर ओळखीचा असला की पुढचा शब्द आधीच जिभेवर असतो, अक्षर त्याची खूण पटवते आणि वाक्य तुटत नाही. यावर कोणी म्हणेल, हे वाचन कसले, हे तर पाठांतर! धोका आहेच, म्हणून शिकवणाऱ्याने तिथे जागे राहायचे. ओळ मधूनच दाखवावी, खालून वर वाचायला लावावे, तिच्यातले दोन शब्द उचलून तिसऱ्याच वाक्यात घालावेत. जी बाई नुसते पाठ म्हणते ती इथे अडते आणि जी वाचते ती पुढे जाते. दोघींतला फरक चार मिनिटांत कळतो.

आपल्या पालघरमधल्या वर्गांत हे जसेच्या तसे चालणार नाही. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बेटेगावात, आजूबाजूच्या पाड्यांवर आणि चाळींत राहणाऱ्या सगळ्यांच्या कानांवर पोथी पडलेली नाही. कोणाच्या घरी वारली बोली आहे, कोणी तारापूरच्या कारखान्यांत कामाला उत्तरेकडून आलेले. छापील मराठी त्यांच्यापैकी अनेकांना अर्धी परकी. इथे ओळखीचा मजकूर शिकणारीच्याच तोंडून घ्यावा लागतो. तिला राब कसा भाजतात ते विचारावे, ती सांगेल ती चार वाक्ये तिच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत, तिच्यासमोर लिहून काढावीत. तोच त्या आठवड्याचा धडा. बोलीत शिकवले तर बँकेचा फॉर्म कसा वाचणार, असे विचारले जाते. फॉर्म वाचता आलाच पाहिजे, पण ते सगळ्यात कठीण वाचन आहे: बारीक टाइप, सुटे शब्द, 'खातेधारक', 'रक्कम अक्षरी' अशी बोलण्यात कधी न येणारी भाषा. तिथून सुरुवात केली की माणसे महिन्याभरात वर्ग सोडतात. आपल्या वाक्यांवर वेग आलेली बाई फॉर्मपाशी पुढे जातेच, आणि कमी घाबरते.

प्रौढ साक्षरतेच्या सरकारी 'उल्लास' कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५०-५०. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ रोजी झाली तेव्हा अनेक वयस्क माणसे आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला बसली, याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ३३ टक्क्यांना उत्तीर्ण झालेल्या माणसाचे वाचन सहा महिन्यांनी उरले आहे का, हे त्या कागदावरून कळत नाही. आणि इथे खंड पडतोच. कारखान्यात पाळी बदलते, पावसाळ्यात आवणी येते, दिवाळीनंतर कितीतरी आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. शिकणाऱ्यांना चिकाटी नाही, ही तक्रार मला पटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच भागात, बोर्डीला १९४५ मध्ये आणि नंतर कोसबादला, मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांकडे, गुरे चरतात त्या कुरणावर नेली. मोठ्यांसाठी आपण तेवढेही केलेले नाही. सावकाश, अक्षर-अक्षर जोडून वाचणाऱ्याचे वाचन खंडात पुसले जाते, ओघाने वाचणाऱ्याचे टिकते. म्हणून नवे धडे भराभर संपवण्यापेक्षा जुनेच चार धडे ओघात येईपर्यंत वाचून घेणे मला अधिक मोलाचे वाटते.

स्वयंसेवक शिक्षकांना माझे एवढेच मागणे आहे. यंदा कुटुंबे भट्टीवर निघण्याआधी प्रत्येकीच्या गाठोड्यात तिच्याच वाक्यांची, मोठ्या अक्षरांतली आठ-दहा पानांची वही जाऊ द्या, आणि ती परत आल्यावर पहिल्या दिवशी तीच वही तिच्याकडून वाचून घ्या.