डिलीट केलेला मेसेज

१५ डिसेंबर २०२४, रविवार. रात्री झाकीर हुसैन गेल्याची बातमी आली, मग ती खोटी असल्याचं कळलं, आणि सोमवारी सकाळी शाळेला निघता निघता पुन्हा खरी ठरली. शाळेच्या ग्रुपवर मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून फोटो टाकला. मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘इन्ना लिल्लाहि’ लिहिलं. पाच मिनिटांत तिथे एकाने विचारलं, "सर, तबला बजानेवाले के वास्ते भी मगफिरत की दुआ करते क्या?"

विचारणारा पोरगा वाईट नाही. माझाच जुना विद्यार्थी. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी मूळ मेसेजच डिलीट करून टाकला. बी.एड. झालेला माणूस मी, वर्गात पोरांना सांगतो, निबंधात स्वतःचं मत मांडा रे!

उत्तर मला येत नव्हतं असं नाही. झाकीरभाईंनी स्वतःच ते अनेकदा सांगून ठेवलंय. ते जन्मल्यावर बाळाच्या कानात दुआ म्हणायची म्हणून त्यांना वडिलांच्या हातात दिलं, तर अल्लारखांसाहेब तबल्याचे बोल म्हणायला लागले. आई चिडली. हे काय, दुआ म्हणायची ना? ते म्हणाले, हीच माझी दुआ. मग माहीमचं ते लहानपण, पहाटे अब्बांसोबत रियाज, मग मदरसा, मग सेंट मायकल शाळा. एवढं तरी मला लिहिता आलं असतं.

त्या वर्षाची सुरुवातच अशी झाली होती. ९ जानेवारीला कोलकात्यात राशिद खान गेले, अवघे पंचावन्न वर्षांचे. बदायूँचा मुलगा, निसार हुसैन खांसाहेबांच्या हाताखाली रामपूर-सहसवानची तालीम घेतलेला. लोकांना ‘जब वी मेट’मधलं गाणं आठवतं, मला त्यांचा मारवा. आणि चारच दिवसांनी, १३ तारखेला, पुण्यात प्रभा अत्रे. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या आणि अजून मैफली करत होत्या. फेब्रुवारीत पंकज उधास. त्यांच्या कॅसेटी ऐकल्याशिवाय आमच्या पिढीचं कॉलेज पार पडलं नाही, पण त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

प्रभाताईंचं नाव आमच्या मिरजेत वेगळ्या कारणानं जवळचं. त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या. ही दोघं अब्दुल करीम खांसाहेब आणि ताराबाई माने यांची मुलं. आईवडील वेगळे झाले आणि मुलं मान्यांची झाली. सुरेशबाबूंचं आधीचं नाव अब्दुल रहमान. खांसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात गेले आणि त्यांना इथे आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दर उरुसाला तिथे त्यांच्या नावानं संगीत सभा होते. म्हणजे पुण्याच्या प्रभाताईंच्या गाण्याचं मूळ शोधत निघालात, तर आमच्या दर्ग्याच्या आवारातच येऊन थांबता.

माझे अब्बा सतारमेकर गल्लीत पॉलिशचं काम करायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळून यायचे, त्यांचे तानपुरे व्हायचे आणि शेवटी अब्बांच्या हाताखाली यायचे. लाखेच्या वासानं त्यांचा सदरा कायम भरलेला. (२०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्बा असते तर म्हणाले असते, त्यानं मजुरी वाढते का?) पाच वक्त नमाजी माणूस. "हम बाजा बनाते, बजाते नहीं," असं म्हणायचे. पण उरुसात सभेच्या रात्री उशिरापर्यंत घरी यायचे नाहीत. एकदा अम्मीनं मला शोधायला पाठवलं, तर भिंतीला टेकून, चपला शेजारी काढून बसलेले. मला बघून नुसतं बोट ओठांवर ठेवलं. घरी आल्यावर सांगितलं, तानपुरा आपल्या गल्लीतला होता, जव्हारी नीट लागलीय का बघत होतो. चार तास!

त्या सोमवारी नाही, पण पुढच्या जुम्मेरातला मी दर्ग्यात गेलो. खांसाहेबांच्या मजारीपाशी फातिहा पढलो. इथे गाणाऱ्यासाठी दुआ करताना कुणी कुणाला काही विचारत नाही, आमच्या ग्रुपवरचा तो पोरगाही नाही; त्याचे आजोबा त्याच गल्लीत भोपळे कापायचे. मग झाकीरभाईंचं नाव घेतलं, राशिद खांचं घेतलं. प्रभाताईंपाशी अडखळलो. त्यांच्यासाठी नेमकं काय म्हणायचं ते कळेना. तरी नाव घेतलं.

बाहेर येऊन चपला घालताना फोन काढला आणि मोहल्ल्याचा ग्रुप उघडला. वर कुठेतरी ‘मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ होती, तिच्याखाली त्या पोराचा प्रश्न, आणि त्याच्याखाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. मी त्याच प्रश्नाला रिप्लाय दिला, "हाँ बेटा, करते. तेरे दादा भी करते थे."