लाल चपटा

लांबी फार तर पाच-सहा मिलिमीटर. रंग गंजलेल्या खिळ्याचा. अंग पातळ, चपटं, आणि मागच्या कडेला तीन टोकं. खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा काचेवर शेवाळाचा डाग पडलाय असंच वाटतं. भिंग लावून पाहिलं की डाग सरकतो. अंगावरच्या सूक्ष्म केसांच्या जोरावर तो काचेवरून इतक्या सलग जातो की कुठलाच अवयव हललेला कळत नाही.

टाक्या सांभाळणारे त्याला ‘रेड प्लॅनेरिया’ म्हणतात. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा. खऱ्या प्लॅनेरियाशी त्याचं नातं लांबचं. १९९९ साली जनुकांच्या अभ्यासावरून त्याच्या गटाला चपट्या कृमींच्या संघातून वेगळं काढलं गेलं. याच्या पोटात अन्नाची पोकळी नाही, गुदद्वारही नाही. अंगात मात्र हिरवी सूक्ष्म शेवाळं राहतात आणि उजेडात त्याला पोसतात. म्हणून भर दिव्याखाली, जिथे पाण्याचा प्रवाह कमी असतो तिथे, हे सगळे गोळा होतात. वर शिकारही करतो. कोपेपॉडसारखे बारीक जीव अंगाखाली दाबून गिळतो.

त्याची वाढ पाहण्यासारखी असते. मागच्या कडेला एक कळी फुटते. तिची दिशा जन्मदात्याच्या बरोबर उलटी, म्हणजे याचं डोकं पुढे तर तिचं मागे. वाढली की सुटते आणि आपल्या वाटेने निघते. जोडीदाराची गरज नाही. दगडाच्या फटीत एकटा राहिला तरी टाकी पुन्हा भरते.

ॲक्रोपोरा प्रवाळ कुरतडणारा चपटा कृमी वेगळा. हा प्रवाळाला चावत नाही. पण थरच्या थर प्रवाळावर बसले की उजेड अडतो, खालचा जीव मिटून बसतो. खरा धोका आहे तो याच्या मरणात. अंगात विष असतं, आणि शेकडो एकदम मेले की ते पाण्यात उतरतं. चाळीस लिटरच्या टाकीत विष पातळ व्हायला पाणीच कुठे असतं? मासे घाबरेघुबरे होऊन पृष्ठभागाशी येतात, कधी मरतात. म्हणून दिसला की लगेच औषध ओतणं मला अघोरी वाटतं.

आधी नळी. हवेच्या पंपाची बारीक नळी घ्यायची, दिवे लागून तासभर झाला की जमलेले घोळके सायफनने ओढून बादलीत काढायचे. बादलीतलं पाणी टाकीत परत नाही. प्रत्येक पाणी बदलाला हेच, डोळ्यांना मोजकेच दिसेपर्यंत. मगच फ्लॅटवर्म एक्झिटसारखं औषध, तेही नवं खारं पाणी आणि पाणी गाळणारा ताजा सक्रिय कार्बन तयार ठेवून. काही मिनिटांत कृमी काच सोडतात, आकसतात, पाण्यात गरगरू लागतात. या वेळी नळी हातातून सोडायची नाही. मरता मरता बाहेर निघालेला प्रत्येक कृमी म्हणजे टाकीतलं तेवढं विष कमी. नंतर कार्बन लावायचा, भरपूर पाणी बदलायचं. आठवड्याभराने पुन्हा एक फेरी, कारण फटीतले वाचलेले असतात.

सिक्स-लाइन रॅस मासा त्यांना खातो म्हणतात. कुणाचा खातो, कुणाचा ढुंकूनही बघत नाही. केलिडोन्युरा ही निळ्या रेघांची समुद्री गोगलगाय मात्र मनापासून खाते. पण तिचं अन्न हेच. ते संपलं की तिची उपासमार होते. ज्या जिवाला आपण पुढे पोसू शकत नाही त्याला कामापुरतं घरी आणणं मला पटत नाही.

नवा प्रवाळ आणला की टाकीत सोडण्याआधी तो औषधी पाण्यात हलवून घ्यावा, आणि तो ज्यावर बसवलेला असतो तो बुडाचा प्लग उलटा करून पाहावा. लाल चपटा तिथेच चिकटून येतो.