कड ठेवायची कुठे?

पॉलिगॉनच्या थ्रीडी मॉडेलमध्ये गोल असं काही नसतं. गेममधला चेंडू असो की जाहिरातीतली बाटली, आत सगळे सपाट तुकडे. आम्ही त्यांना फेस म्हणतो. तरीही पडद्यावर ते सलग आणि गुळगुळीत दिसतात, ही सगळी प्रकाशाच्या हिशेबाची करामत. कुठली कड डोळ्यांत भरली पाहिजे आणि कुठली दिसताच कामा नये, हे ठरवण्यात माझा कामाचा बराच वेळ जातो.

हा हिशेब नॉर्मलवर चालतो. नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात उभा असलेला काल्पनिक बाण. तो प्रकाशाकडे रोखलेला असला की जागा लख्ख उजळते, कलत गेला की काळवंडते. प्रत्येक फेसला एकच बाण दिला, तर सगळे तुकडे सुटे सुटे दिसतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये यावर तोड काढली. बाण कोपऱ्यांना द्यायचे, कोपऱ्याभोवतीच्या फेसच्या नॉर्मलची सरासरी घ्यायची, तिथला उजेड मोजायचा आणि मधल्या भागात तो पसरवायचा. त्यांनी नमुना म्हणून आपल्या पत्नीचा चेहरा घेतला होता. त्यावर फेसच्या रेघा आखून मापं घेतली होती. दोन वर्षांनी तिथेच बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने पुढचं पाऊल टाकलं: उजेडाऐवजी नॉर्मलची दिशाच पसरवायची आणि उजेड प्रत्येक बिंदूवर नव्याने मोजायचा. १९७५ मध्ये फाँग वारले, पण आजचे गेम मुळात त्याच वाटेने चालतात.

सरासरी सरसकट लावली की मात्र घोटाळा होतो. साधा घन घ्या. कोपऱ्यावर तीन फेस भेटतात, त्यामुळे सरासरीचा नॉर्मल प्रत्येक फेसच्या नॉर्मलपासून सुमारे ५५ अंश कलतो. आता एका बाजूवर समोरून प्रकाश टाका. फाँगच्या पद्धतीत मध्य पूर्ण उजळ आणि कोपरे जेमतेम ५८ टक्के. सपाट बाजू उशीसारखी फुगलेली दिसते. गूरोच्या पद्धतीत चारही कोपरे सारखेच, म्हणून अख्खी बाजूच मंद.

म्हणून तिथे हार्ड एज हवी. हार्ड एज म्हणजे कडेच्या दोन बाजूंना दोन वेगळे नॉर्मल. त्यासाठी ग्राफिक्स कार्डाला एकाच जागी अनेक व्हर्टेक्स, म्हणजे कोपऱ्याचे बिंदू, द्यावे लागतात. घनाचे कोपरे आठ, पण प्रत्येकाला तीन नॉर्मल, म्हणून व्हर्टेक्स २४.

कुठली कड हार्ड, हे कोनावरून ठरवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ब्लेंडरमध्ये ही मर्यादा मुळात ३० अंशांवर असते. समजा, स्टीलचा उभा डबा करायचा आहे. अंगाला २४ फेस घेतले तर शेजारच्या दोन फेसमध्ये १५ अंशांचा फरक, अंग आणि बूड यांच्यात ९० अंशांचा. अंग गुळगुळीत, बुडाची कड ठसठशीत, छान. तोच डबा लांबून दिसणार म्हणून आठ फेसचा केला की फरक ४५ अंशांवर जातो आणि अंगावर आठ उभ्या रेघा उमटतात. उलट, मोटारीच्या पत्र्यावर दाबून काढलेली २० अंशांची घडी दिसायलाच हवी, ती मात्र गायब. म्हणून शेवटी कडा हाताने निवडाव्या लागतात. माया या सॉफ्टवेअरमध्ये एज थेट हार्ड किंवा सॉफ्ट करता येते. थ्रीडीएस मॅक्समध्ये ३२ स्मूदिंग ग्रुप असतात. शेजारच्या दोन फेसचा एखादा ग्रुप समान असला की त्यांच्यामधली कड विरते.

हार्ड एजही जपून वापरावी. डब्याच्या झाकणाची कड पत्रा वळवून केलेली असते, तिच्यावर उजेडाची बारीक रेघ चमकते. कोरी हार्ड एज ती रेघ देऊ शकत नाही. तिथे अरुंद बेव्हेल, म्हणजे कडेच्या जागी तिरकी पट्टी, घालावा आणि मोठ्या फेसच्या नॉर्मलला जास्त वजन द्यावं. मग सपाट भाग सपाटच राहतो, सगळं वळण बेव्हेलमध्ये मावतं. गंमत म्हणजे एका पट्टीचा बेव्हेल घातलेल्या घनाचे व्हर्टेक्सही २४च होतात. त्रिकोण १२ चे ४४ होतात खरे, पण आजच्या कार्डाला ते जड नाहीत.

शेडिंग काहीही करो, बाह्यरेषा बदलत नाही. आठ फेसच्या डब्याचं तोंड अष्टकोनीच राहणार. तिथे फेस वाढवण्याला पर्याय नाही.

नवी मुलं विचारतात, मर्यादा किती अंशांवर ठेवू? मी म्हणते, आधी वस्तू कशी बनली ते सांग. पत्रा वळवला, ओतकाम केलं, की दोन तुकडे जोडले? जोड असेल तिथे कड हार्ड, वळवला असेल तिथे बेव्हेल, आणि जी कड फक्त आपल्या फेसच्या जाळीमुळे आली, ती स्मूद. एवढं ठरलं की अंशांचा आकडा कामाचा वेग वाढवायला उरतो.